ध्वनिसंपीडन, अंकीय

अंकांच्या रूपात नोंदविलेला ध्वनी मूळ नोंदीपेक्षा कमी अंकांत व्यक्त करण्याच्या आणि त्यापासून पुन्हा ऐकण्याजोगा ध्वनी मिळविण्याच्या तंत्रास ‘अंकीय ध्वनिसंपीडन’ असे म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात मोठा व लहान आवाज यांतील अंतर कमी करण्याच्या क्रियेलाही संपीडन म्हणण्याची प्रथा आहे. तिचा येथे संबंध नाही. येथे विचार आहे तो नोंद साठविण्यास लागणाऱ्या जागेचा व ती पाठविण्यास लागणाऱ्या वेळाचा.

अंकीय ध्वनिसंपीडनाचे दोन प्रकार आहेत. ज्यात मूळ नोंदीतील प्रत्येक अंक जसाच्या तसा परत मिळतो ते हानिरहित संपीडन होय. ज्यात मूळ नोंदीचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो, परंतु तो टाकल्याचे कानाला सहसा जाणवत नाही, ते हानियुक्त संपीडन होय. एमपी३ हे दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. हा भेद लक्षात न आल्यामुळे दुर्मिळ ध्वनिमुद्रणांच्या केवळ हानियुक्त प्रती शिल्लक राहण्याचा धोका असतो. म्हणून तो सर्वसामान्य श्रोत्यानेही समजून घेणे आवश्यक आहे.

अंकीय नोंद : ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार. ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) या चढउतारांचे विद्युत्‌ दाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो. हा विद्युत्‌ दाब ठराविक कालांतराने मोजून त्याची मापे अंकांत लिहून ठेवली की अंकीय नोंद तयार होते. या पद्धतीची कल्पना इंग्रज अभियंते ॲलेक रीव्ह्‌ज यांनी १९३७ मध्ये मांडली. मापे किती वेळा घ्यावीत याचे उत्तर हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून मिळाले. नोंदवावयाच्या सर्वोच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) दुपटीहून अधिक वेळा मापे घेतल्यास मूळ तरंग पूर्णपणे परत उभा करता येतो, असे हे तत्त्व आहे.

माणसाला सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी ऐकू येतो. म्हणूनच १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनितबकडीसाठी (कॉम्पॅक्ट डिस्क) सेकंदास ४४,१०० मापे हा दर ठरविण्यात आला. प्रत्येक माप १६ बिटांत म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीने व्यक्त होते. (बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक, ८ बिटांचा एक बाइट होतो.) डावी व उजवी अशा दोन वाहिन्या धरल्यास सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट लागतात. म्हणजेच एका मिनिटाच्या संगीतास सु. १०·६ मेगॅबाइट आणि पाच मिनिटांच्या गीतास सु. ५३ मेगॅबाइट जागा लागते.

सेकंदास २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या दूरध्वनिजोडणीवरून असे एक गीत आणण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला असता. १९९५ च्या सुमारास घरगुती संगणकांच्या जोडणीचा वेग बहुधा एवढाच होता. तेच गीत सेकंदाला १,२८,००० बिट या दराच्या एमपी३ स्वरूपात ४·८ मेगॅबाइटांत मावते व सु. २२ मिनिटांत येते. संपीडनाची निकड किती होती, हे यावरून स्पष्ट होईल.

हानिरहित संपीडन : ध्वनितरंगाची लागोपाठची मापे एकमेकांशी निगडित असतात. आधीच्या काही मापांवरून पुढचे माप बरेचसे अचूक वर्तविता येते. त्यामुळे सर्व मापे न लिहिता अंदाज व प्रत्यक्ष माप यांतील फरक तेवढा लिहिला, तर लहान अंकांनी काम भागते. वारंवार येणाऱ्या अंकास आखूड व क्वचित येणाऱ्या अंकास लांब संकेत दिल्यास आणखी बचत होते. फ्लॅक (२००१) हे स्वरूप याच तत्त्वावर आधारलेले आहे. त्याने नोंद बहुधा मूळ आकाराच्या निम्म्या ते दोनतृतीयांश भागाइतकी होते. फ्लॅक फाइलीत मूळ ध्वनीची एक अंकखूणही साठविली जाते. उलगडलेल्या ध्वनीची खूण तिच्याशी ताडून नोंदीत कोठे बिघाड झाला आहे काय, हे तपासता येते.

या मार्गाने होणाऱ्या बचतीला मर्यादा आहे, कारण ज्याचा अंदाज करता येत नाही तो भाग पूर्ण लिहावाच लागतो. दसपट बचत हवी असेल, तर काही माहिती टाकूनच द्यावी लागते. कोणती माहिती टाकावी याचे उत्तर गणितात नसून माणसाच्या श्रवणेंद्रियात आहे.

श्रवणाच्या मर्यादा : कान सर्व कंप्रतांना सारखाच संवेदनशील नसतो. सु. २,००० ते ५,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात तो सर्वांत तीक्ष्ण असतो आणि अतिशय खालच्या व वरच्या कंप्रतांचा क्षीण आवाज त्याला ऐकू येत नाही. हार्वी फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनी १९३३ मध्ये या संवेदनशीलतेचे वक्र प्रसिद्ध केले.

याहून महत्त्वाचा गुणधर्म आच्छादनाचा आहे. एका कंप्रतेचा जोरदार स्वर चालू असताना तिच्या निकटच्या कंप्रतेचा क्षीण स्वर ऐकू येत नाही. मोठा स्वर त्याला झाकून टाकतो. हा परिणाम मोठ्या स्वराच्या खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूस अधिक दूरवर पसरतो. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत जवळजवळच्या कंप्रता एकाच भागाला उद्दीपित करतात, हे त्याचे मूळ कारण होय. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ट त्स्विकर यांनी १९६१ मध्ये संपूर्ण श्राव्य मर्यादेचे २४ क्रांतिक पट्टे मांडले. खालच्या कंप्रतांपाशी यांची रुंदी सु. १०० हर्ट्‌झ असते आणि ५०० हर्ट्‌झच्या पुढे ती पट्ट्याच्या मध्य कंप्रतेच्या सु. एकपंचमांश होत जाते.

आच्छादन कालातही घडते. मोठा आवाज थांबल्यावर १०० मिलिसेकंदांहून अधिक काळ क्षीण आवाज ऐकू येत नाही. इतकेच नव्हे, तर मोठ्या आवाजाच्या काही मिलिसेकंद आधी झालेला क्षीण आवाजही झाकला जातो.

हानियुक्त संपीडनाचे सर्व तंत्र या आच्छादनावर उभे आहे. मापे थोड्या बिटांत लिहिली की ती स्थूल होतात व त्या स्थूलतेमुळे एक प्रकारचा कोलाहल निर्माण होतो. हा कोलाहल टाळता येत नाही. परंतु तो जोरदार स्वरांच्या आडोशाला राहील अशी व्यवस्था करता येते. मॅन्फ्रेड श्रोडर, बिष्णू अटल व जे. एल. हॉल यांनी वाणीच्या संकेतनासाठी ही कल्पना १९७९ मध्ये मांडली होती.

ऐतिहासिक आढावा : प. जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठात डीटर झाइट्‌सर हे १९७० नंतरच्या दशकात दूरध्वनीच्या तारांवरून संगीत पाठविण्याचा विचार करीत होते. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्क यांनी १९८२ च्या सुमारास हा प्रश्न हाती घेतला. पुढे एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत या संशोधनाला मोठ्या प्रमाणावर चालना मिळाली. अंकीय नभोवाणीसाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘युरेका १४७’ या यूरोपीय प्रकल्पाचाही त्यास आधार होता.

या कामास लागणाऱ्या गणिती साधनांपैकी एक बंगलोर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी पुरविले. अमेरिकेतील कॅनझस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये विविक्त कोज्या रूपांतराची पद्धत प्रसिद्ध केली. तीमुळे अंकांची मालिका वेगवेगळ्या कंप्रतांच्या घटकांत मांडता येते. तिचा ध्वनीस अधिक सोयीचा सुधारित प्रकार जे. पी. प्रिन्सेन, ए. डब्ल्यू. जॉन्सन व ए. बी. ब्रॅडली यांनी १९८७ मध्ये दिला. जेपेग या स्वरूपातील छायाचित्रांचे संपीडनही अहमद यांच्याच रूपांतरावर आधारलेले आहे.

चित्र व ध्वनी यांच्या संकेतनाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरविण्यासाठी १९८८ मध्ये ‘मूव्हिंग पिक्चर एक्स्पर्ट्‌स ग्रूप’ (संक्षेपाने एमपेग) हा तज्ञगट स्थापन झाला. लेओनार्दो क्यारील्योने व हिरोशी यासुदा हे त्याचे संस्थापक होत. त्याच्यापुढे आलेल्या प्रस्तावांपैकी ‘म्यूझिकॅम’ व ‘ॲस्पेक’ हे दोन प्रमुख ठरले. पहिला रचनेने साधा होता, तर दुसरा कमी दरांत अधिक चांगला ध्वनी देत असे. अखेरीस दोन्हींना स्थान देणारे तीन स्तरांचे मानक १९९२ मध्ये पूर्ण झाले व पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. त्यातील तिसऱ्या स्तरास ‘एमपेग-१, स्तर ३’ हे नाव होते. त्याच्या फाइलींच्या नावापुढे ‘एमपी३’ हे प्रत्यय-नाम लावण्याचा निर्णय फ्राउनहोफर संस्थेत १९९५ च्या जुलैमध्ये झाला.

या विकासकाळात ब्रांडेनबुर्क यांनी अमेरिकन गायिका सुझॅन व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यविरहित गीत चाचणीसाठी वारंवार वापरले. एकट्या मानवी आवाजात दोष लपविण्यास इतर वाद्यांचा आडोसा नसतो. त्यामुळे वाद्यवृंद समाधानकारक ऐकू येत असूनही हे गीत प्रारंभी बिघडत असे.

मानकाचा दुसरा स्तर व्हिडिओ सीडीसाठी स्वीकारण्यात आला. मराठी चित्रपट व नाटके पुष्कळ काळ घरोघरी पोहोचली ती याच तबकड्यांवरून. एका तबकडीत सु. ७४ मिनिटांचाच मजकूर मावत असल्याने एका चित्रपटास दोन किंवा तीन तबकड्या लागत. याउलट ७०० मेगॅबाइटांच्या एका तबकडीवर १,२८,००० बिट दराने सु. १२ तासांचे एमपी३ संगीत मावत असे.

एमपी३ ची कार्यपद्धती : प्रथम ध्वनीचे १,१५२ मापांचे तुकडे पाडले जातात. ४४,१०० या दराने असा एक तुकडा सु. २६ मिलिसेकंदांचा असतो. छानकांच्या (विशिष्ट कंप्रताच पुढे जाऊ देणाऱ्या योजनांच्या) संचाने त्याची ३२ पट्ट्यांत विभागणी होते व सुधारित कोज्या रूपांतराने प्रत्येक पट्ट्याचे आणखी १८ भाग पडतात. अशा रीतीने ध्वनी ५७६ बारीक कंप्रताघटकांत मांडला जातो.

त्याच वेळी श्रवणाच्या गणिती प्रतिकृतीवरून कोणत्या पट्ट्यात किती कोलाहल झाकला जाईल याचा हिशोब केला जातो. जेथे आडोसा मोठा तेथे स्थूल मापे व थोडे बिट आणि जेथे तो लहान तेथे सूक्ष्म मापे व अधिक बिट, असे वाटप होते. पूर्णपणे झाकले जाणारे घटक शून्य धरले जातात. शेवटी मिळालेले अंक डी. ए. हफमन यांनी १९५२ मध्ये शोधलेल्या पद्धतीने आखूड-लांब संकेतांत लिहिले जातात. हा शेवटचा टप्पा हानिरहित असतो. हानी होते ती त्याआधीच्या वाटपात. सोप्या तुकड्यांत वाचलेले बिट पुढील अवघड तुकड्यासाठी राखून ठेवण्याचीही सोय आहे.

मानकाने निश्चित केला आहे तो फाइल उलगडण्याचा विधी. संपीडन कसे करावे हे संकेतकाराच्या कौशल्यावर सोडलेले आहे. त्यामुळे एकाच दराच्या दोन एमपी३ फाइलींची गुणवत्ता भिन्न असू शकते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘लेम’ या मुक्त संकेतक-प्रकल्पाने मानकात बदल न करता ध्वनी पुष्कळ सुधारला, तो यामुळेच.

वाणीचे संपीडन : दूरध्वनीत सेकंदास ८,००० मापे व प्रत्येकी ८ बिट या हिशोबाने ६४,००० बिट लागतात. परंतु बोलण्याचा ध्वनी कंठातील स्वरतंतू व मुखपोकळी यांतून निर्माण होतो, हे आधीच ठाऊक असल्याने त्याचे संपीडन अधिक करता येते. कानपूर येथे जन्मलेले बिष्णू अटल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मुखपोकळीच्या आकाराचे वर्णन थोड्याच अंकांत करणारी रेषीय पूर्वानुमानाची पद्धत विकसित केली. श्रोडर यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये तिचे अधिक प्रगत रूप मांडले. मोबाइल दूरध्वनीवरील संभाषण सेकंदाला १३,००० किंवा त्याहूनही कमी बिटांत शक्य झाले ते या परंपरेतील संशोधनामुळे. अशा दूरध्वनीवरून गायन मात्र विकृत ऐकू येते, कारण ही पद्धत एका बोलणाऱ्या व्यक्तीच्या आवाजासाठी रचलेली असते.

नंतरची संकेतने : एमपी३ चे उत्तराधिकारी म्हणून १९९७ मध्ये एएसी हे संकेतन प्रमाणित झाले. ते कमी दरात तेवढीच गुणवत्ता देते. आकाशवाणीने स्वीकारलेल्या डीआरएम या अंकीय नभोवाणी पद्धतीत त्याच्याच प्रगत प्रकारांचा उपयोग होतो. एकस्वांच्या (पेटंटांच्या) बंधनांतून मुक्त राहण्याच्या हेतूने व्हॉर्बिस (२००२) व ओपस (२०१२) ही संकेतने तयार झाली. ओपस हे वाणी व संगीत या दोहोंसाठी उपयुक्त आहे. एमपी३ वरील एकस्वांच्या परवान्यांची योजना २०१७ च्या एप्रिलमध्ये बंद झाली व हे संकेतन सर्वांना खुले झाले.

धारक व संकेतन : फाइलीच्या नावापुढील प्रत्यय-नामावरून तिच्यातील संकेतन कळतेच असे नाही. वाव्ह (१९९१), एव्हीआय (१९९२), एमपी४ (२००३), ऑग व मात्रोस्का (२००२) ही मूलतः धारक स्वरूपे होत. कडधान्याच्या डब्यावरून आत मूग आहेत की मटकी हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. धारकात ध्वनी, चित्र, उपशीर्षके व त्यांचा कालमेळ यांची व्यवस्था असते. प्रत्येक घटकाचे संकेतन वेगळे असू शकते. धारक उघडणाऱ्या आज्ञावलीस आतील संकेतन ठाऊक नसेल, तर चित्र दिसते पण आवाज येत नाही किंवा आवाज येतो पण चित्र दिसत नाही.

चित्राच्या बाबतीत संपीडनावाचून गत्यंतरच नसते. १,९२० × १,०८० बिंदूंची, प्रत्येक बिंदूस २४ बिट असलेली २५ चित्रे सेकंदाला दाखवावयाची, तर सु. १२४ कोटी बिट लागतात. म्हणून काही चित्रे पूर्ण साठवून मधल्या चित्रांत फक्त हालचालीने झालेले बदल लिहिले जातात.

फाइलीत गीताचे नाव, कलाकार, वर्ष इ. माहितीही ठेवता येते. एमपी३ साठी १९९६ मध्ये रूढ झालेल्या पहिल्या योजनेत शेवटचे १२८ बाइट यासाठी होते. त्यांत शीर्षकास ३० बाइट मिळत व देवनागरी लिपीची सोयच नव्हती. त्यामुळे मराठी गीतांची नावे रोमन लिपीत व एकाच गीताची अनेक वर्णरचनांत लिहिली गेली. नंतरच्या योजनांत युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली.

दोष : दर पुरेसा नसल्यास हानी ऐकू येते. कमी दराच्या एमपी३ मध्ये बहुधा १६,००० हर्ट्‌झच्या वरील भाग गाळला जातो. आकस्मिक आघाताच्या ध्वनीत ‘पूर्वप्रतिध्वनी’ हा दोष उद्‌भवतो : आघात तुकड्याच्या मध्ये असला, तर स्थूलतेचा कोलाहल संपूर्ण तुकड्यात पसरून आघाताच्या आधीच ऐकू येतो. तबल्यासारख्या वाद्यांच्या तीक्ष्ण आघातांची धार यामुळे बोथट होऊ शकते. हा दोष कमी करण्यासाठी अशा ठिकाणी आखूड तुकडे वापरतात. टाळ्यांचा कडकडाट व जुन्या तबकड्यांची खरखर यांचा अंदाज करणे कठीण असल्याने त्यांना पुष्कळ बिट लागतात व ते न मिळाल्यास खळखळल्यासारखा कृत्रिम आवाज येतो.

हानियुक्त फाइलीचे पुनःपुन्हा संपीडन केल्यास प्रत्येक वेळी नवी हानी आधीच्या हानीत मिसळते. एमपी३ चे फ्लॅक किंवा वाव्ह स्वरूपात रूपांतर केल्याने फाइल मोठी होते. गेलेला ध्वनी मात्र परत येत नाही. केवळ प्रत्यय-नाम बदलल्याने तर काहीच बदलत नाही.

जतन : ऐकण्यासाठी हानियुक्त संपीडन उचित आहे, जतनासाठी ते अयोग्य आहे. कोणता भाग टाकावा हा निर्णय सामान्य श्रोत्याचा कान प्रमाण मानून घेतलेला असतो. भावी अभ्यासकाची गरज वेगळी असू शकते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोऱ्याच्या जवारीमुळे उमटणाऱ्या उपस्वरांचे वैशिष्ट्य दाखविले. असे उपस्वर मोजू पाहणाऱ्यास झाकले जाणारे क्षीण घटकही हवे असतात. जुन्या तबकडीची खरखर पुढे अधिक चांगल्या रीतीने काढावयाची असेल, तरीही मूळ खरखर जशीच्या तशी नोंदलेली असावी लागते.

म्हणून आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागार संघटनेने जतनाच्या प्रतीसाठी सेकंदास किमान ४८,००० मापे व प्रत्येकी २४ बिट सुचविले असून हानियुक्त संपीडन वर्ज्य मानले आहे. अनेक अभिलेखागारे ९६,००० मापांचा दर वापरतात. यासाठी मुख्यतः यूरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले, वाव्हवर आधारित व नोंदीची माहिती सोबत ठेवणारे स्वरूप वापरले जाते.

भारतात तबकडीसाठी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. तेव्हापासूनच्या तबकड्या, चुंबकीय फिती व कॅसेटी यांतील पुष्कळ संग्रह खाजगी घरांत आहेत. फितींचा लेप झिजतो व त्या वाजविणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत. त्यामुळे अशा फितीचे अंकीकरण बहुधा एकदाच करता येते. त्या वेळी जागा वाचविण्यासाठी केवळ एमपी३ प्रत घेऊन फीत टाकून दिल्यास उरलेला ध्वनी कायमचा जातो. प्रथम हानिरहित प्रत घेऊन ती किमान दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवणे आणि ऐकण्यासाठी व वाटण्यासाठी तिच्यावरून हव्या तेवढ्या लहान प्रती करणे, हा योग्य क्रम होय. मोठ्या प्रतीवरून लहान प्रत केव्हाही करता येते. लहान प्रतीवरून मोठी कधीच करता येत नाही.